गूळ चालतो का, डॉक्टर?

दौंडकडची गुऱ्हाळे पेटली की मधुमेही माणसाला हमखास प्रश्न पडतो, ‘साखर सोडली, पण गूळ तर चालतो ना?’ नाही चालत. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात, बाकी बहुतेक साखरच. ती ढेपेतून आली की पोत्यातून, रक्ताला फरक पडत नाही.

भाकरीचेही तसेच. शिरूर-दौंडची बाजरी उत्तम, तिच्यात तंतूही भरपूर. पण १०० ग्रॅम पिठात सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांची साखरच होते. ‘भाकरीनं शुगर वाढत नाही’ म्हणून तीन भाकरी, वर भात, आणि मटकीची उसळ तोंडी लावण्यापुरती, हा हिशेब उलटा हवा. उसळ-भाजी वाटीभर आणि तीही आधी खावी. जेवणानंतरची साखर त्यामुळे हळू चढते. एकादशीचा साबुदाणा म्हणजे तर जवळजवळ निव्वळ स्टार्च.

‘मी काटक, मला कशी शुगर?’ हेही ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरले. बाळे अशी किरकोळ, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. बारीक दिसण्यावर विसंबू नये.

गोळीची चिठ्ठी दोन मिनिटांत लिहून होते, या गोष्टी शिकायला मात्र तास लागतात. किती, त्याचाही हिशेब झालेला आहे. स्वव्यवस्थापन शिक्षणाच्या ३१ चाचण्यांचा आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी शिक्षणानंतर लगेच ०.७६ टक्क्याने उतरले होते. शिकवणे थांबून काही महिने गेल्यावर फरक उरला ०.२६ टक्का. एक पूर्ण टक्का उतरायला सुमारे २४ तासांचे शिक्षण लागते, असा अंदाज निघाला. म्हणजे एका शिबिरात तक्ता वाटून भागत नाही, उजळणी लागतेच. माझ्या मते रुग्णाइतकेच घरात स्वयंपाक करणाऱ्यालाही तिथे बसवायला हवे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण एकदम तोडू नका, उपास धरू नका; साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तिशी ओलांडली असेल तर गावच्या आरोग्य उपकेंद्रात साखर तपासून घ्या. ही तपासणी मोफत असते.