गाडीची वीज (भाग ६) : लाइटवाल्या स्विचच्या तीन पिना

मिरग निघाला की चंदगड तालुक्यात फॉग लॅम्पची कामं सुरू होतात. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं आंबोलीकडे निघा किंवा तिलारी घाटाची वाट धरा, भरदिवसाही धुक्यात पुढच्या गाडीचा टेललॅम्प दिसेनासा होतो. लगतच्या आंबोलीत वर्षाला सरासरी 7000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दिवे तर हवेतच. त्यांच्यासोबत डॅशबोर्डवर येतो तो चालू केल्यावर उजळणारा स्विच, आणि जोडणीतल्या पुष्कळ चुका त्याच्याच मागे दडलेल्या असतात.

साध्या स्विचला दोन पिना, याला तीन. एकीवर करंट येतो, दुसरीवरून तो पुढे जातो, तिसरी अर्थची. आतला छोटा एलईडी दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या मध्ये बसवलेला असतो, म्हणून बटण दाबल्यावरच तो लागतो. बऱ्याच स्विचवर अर्थची पिन पितळी आणि बाकीच्या दोन पांढऱ्या असतात, पण नुसत्या रंगावर विसंबू नये. स्विच चालू करून मल्टिमीटर लावला की ज्या दोन पिनांत बीप वाजतो त्या करंटच्या, उरलेली अर्थची. आता स्विच बंद करा, अर्थच्या पिनेला निगेटिव्ह द्या आणि बाकीच्या दोन पिनांना आळीपाळीनं, छोटा फ्यूज मध्ये ठेवून, 12 व्होल्ट लावा. जिच्यावर एलईडी लागेल ती पुढे जाणारी पिन.

एवढी खटपट कशाला? करंट आणण्याची आणि पुढे नेण्याची वायर उलटी लागली, तर फॉग लॅम्प नीट चालूबंद होतात, फक्त स्विचमधला एलईडी विझत नाही. ते चालून जाईल. पण पुढे जाणारी वायर आणि अर्थ यांची अदलाबदल झाली, तर बटण दाबताक्षणी बॅटरीचा करंट सरळ बॉडीत उतरतो. फ्यूज असेल तर उडतो. नसेल तर डॅशबोर्डच्या आतली वायर तापून पेटते.

म्हणून दिव्यांचा भार या स्विचवर टाकूच नये. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 110 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर 9 अँपिअरहून जास्त. हा करंट बोनेटखालच्या रिलेमधून जाऊ द्यावा. रिलेच्या 30 नंबरला बॅटरी, 87 ला दिवे, 86 ला स्विचची वायर, 85 ला अर्थ. रिलेच्या कॉइलला अँपिअरच्या पाचव्या भागाइतकाही करंट पुरतो, त्यामुळे केबिनमध्ये येते ती बारीक वायर आणि नगण्य भार. रिले घेताना आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला मागून घ्या. कॉइल बंद होताना उलट्या दिशेनं व्होल्टेजचा झटका मारते, आणि एलईडी तिला समांतर असल्यानं तो झटका त्यालाच बसतो. नवा कोरा स्विच चालतो पण त्याचा लाइट गेला, यामागे अनेकदा हेच असतं. डायोडवाल्या रिलेत 85 आणि 86 उलटे लावायचे नाहीत.

फ्यूज दिव्याला वाचवत नाही, तो वायरला वाचवतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. दिव्याजवळ लावलेला फ्यूज त्याच्या अलीकडची सगळी वायर उघड्यावर सोडतो. 2.5 चौरस मिलिमीटरची वायर आणि 15 अँपिअरचा फ्यूज या कामाला योग्य. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घालण्याची सवय मला भीतिदायक वाटते. फ्यूज का उडाला ते शोधल्याशिवाय गाडी हलवू नये.

स्विचला करंट पार्किंग लाइटच्या लाइनवरून, वेगळ्या 3 अँपिअरच्या फ्यूजमधून द्यावा. गाडी लॉक करताना पार्किंग लाइट बंद केला की फॉग लॅम्पही बंद होतात. पिवळ्या आवरणातल्या वायरला मात्र हात लावायचा नाही, ती एअरबॅगची. अलीकडच्या गाड्यांत दिवे कॉम्प्युटर सांभाळतो. तिथं कंपनीची वायर कापून जोड देण्याआधी वर्कशॉपला विचारा.

इकडच्या पावसात पिळून टेप गुंडाळलेला जोड टिकत नाही. टेपचा गोंद चिकचिकीत होतो, पाणी आत शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. लग दाबून बसवा, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून लग घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलिन चोपडा. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. भातशेतीलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात, त्यासाठी नालीदार पाइप घालावा.

काम सुरू करण्याआधी काढलेला बॅटरीचा निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडा. दिवे दहा मिनिटं चालू ठेवून फ्यूज होल्डर आणि प्रत्येक लग बोटानं चाचपा. जिथं चटका बसेल तो जोड ढिला आहे. तो कापून पुन्हा करा, मगच घाटात उतरा.

पुढच्या आठवड्यात : बॅटरीची अर्थ केबल आणि पावसाळ्यात न फिरणारा स्टार्टर.