दोन बोटांची उणीव

इलेक्ट्रिक गिटार हाती धरल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतच शिकाऊ मुले ज्या मोजक्या रिफ एकमेकांच्या बोटांकडे पाहून उचलतात, त्यांत ‘आयर्न मॅन’ आणि ‘पॅरॅनॉइड’ या दोन हटकून असतात. परंतु या रचना हाताला इतक्या सोप्या का, याचे कारण संगीतशास्त्रापेक्षा बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या एका कारखान्यातच शोधले पाहिजे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

या रिफ वाजविणारे गिटारवादक टोनी आयोमी यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९४८ चा. घराणे मूळचे इटालियन, बालपण अ‍ॅस्टनच्या कामगारवस्तीतले. सतराव्या वर्षी युरोपच्या दौऱ्यावर निघणाऱ्या एका बँडमध्ये त्यांची वर्णी लागली आणि कारखान्यातील नोकरीचा त्यांनी राजीनामा दिला. नोकरीच्या अखेरच्या दिवशी, दुपारी जेवायला घरी आल्यावर, आता परत जायचेच कशाला, असा त्यांचा विचार होता. परंतु अर्धा दिवस बुडवू नये, अशी ताकीद देऊन आईने त्यांची रवानगी पुन्हा कामावर केली. मूळचे काम वेल्डिंगचे. पण त्या दिवशी एका गैरहजर कामगाराच्या बदली त्यांना दाबयंत्रावर उभे करण्यात आले आणि उजव्या हाताच्या मध्यमेची व अनामिकेची टोके त्या यंत्राने तोडली. ते उजव्या हाताने छेडणारे असते तर निभावलेही असते. परंतु आयोमी पडले डावखुरे, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका हाच.

हताश होऊन घरी बसलेल्या या मुलाकडे कारखान्याचा व्यवस्थापक एक ध्वनिमुद्रिका घेऊन आला. ती जँगो राइनहार्ट या वादकाची होती. १९२८ साली आगीत डावा हात भाजून दोन बोटे जवळजवळ निकामी झाली असताही उरलेल्या दोन बोटांनी युरोपीय जॅझ गाजविणाऱ्या या पुरुषाचे वादन आधी ऐकवून मग त्याची हकीकत सांगण्यात त्या व्यवस्थापकाने जे चातुर्य दाखविले, ते पुष्कळ शिक्षकांना साधत नाही.

पुढची खटपट आयोमी यांनी स्वहस्ते केली. साबणद्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवून तिच्या गोळ्या वळल्या, तापलेल्या सळईने त्यांत बोट शिरेल एवढे भोक पाडले, घासून-पुसून त्यांना टोपणाचा आकार दिला आणि तार पकडीत राहावी म्हणून वरून जुन्या जाकिटाचे चामडे चिकटविले. टोपण बसले, पण स्पर्श गेला. तार किती दाबली गेली हे बोटाऐवजी कानानेच ठरवावे लागे. जाड तारा झेपेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारीवर चढल्या. चार बोटे फाकवून धरण्याच्या कॉर्डऐवजी, शाबूत बोटांनी धरता येणाऱ्या पॉवर कॉर्डवर, म्हणजे आपल्या भाषेत निव्वळ षड्ज-पंचमावर, भिस्त वाढली. ज्याला जग पुढे ‘हेवी मेटल’ म्हणू लागले, त्याचा बराचसा पाया या तडजोडींनी घातला, असे माझे मत आहे.

१९६९ च्या ऑक्टोबरात लंडनच्या रीजंट साउंडमध्ये आयोमी यांच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम एका दिवसात मुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, या दिवशी बाजारात आला. त्यातील शीर्षकगीताचा आरंभ केवळ तीन स्वरांचा आहे: मंद लयीत षड्ज, त्यावरचा तार षड्ज आणि तेथून उतरून कंप घेत थांबणारा तीव्र मध्यम. हे स्वरांतर मध्ययुगीन चर्चने निषिद्ध ठरविले होते, अशी आख्यायिका उत्साहाने सांगितली जाते, पण तशा बंदीचा पुरावा नाही. गायला अवघड म्हणून ते टाळीत, एवढेच. यमनात याच मध्यमाने संध्याकाळ प्रसन्न होते. येथे त्याला पंचमाचा वा गांधाराचा शेजार नाही, आणि म्हणूनच तो अंगावर येतो.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बमात थोडी जागा शिल्लक उरली, ती भरण्यासाठी ‘पॅरॅनॉइड’ची तजवीज घाईघाईने करण्यात आली, आणि हेच भरतीचे गाणे ब्रिटिश यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. पुढे गायक ऑझी ऑझबोर्न बँडमधून गेले, रॉनी जेम्स डिओ आले, माणसे बदलत राहिली. १९ स्टुडिओ अल्बमांच्या हजेरीपटावर अखंड नाव एकट्या आयोमी यांचे.

शिकणाऱ्यांनी प्रारंभ ‘आयर्न मॅन’पासून करावा. बी, डी, ई असे पॉवर कॉर्ड चढत जातात, मग जी आणि एफ शार्प यांच्यामधील ये-जा, आणि पुन्हा डी व ई. बोटे दोन दिवसांत लागतात. लय मात्र महिनाभर सुटत राहते, कारण दोन आघातांमधली पोकळी भरून काढण्याची नवशिक्याला विलक्षण घाई. ‘पॅरॅनॉइड’मध्ये बाराव्या पडद्यापाशीचा आरंभ सर्वांना हवा असतो, पण खरी मेहनत कडव्याखालच्या, तळहाताने दाबलेल्या, एकसारख्या खालच्या आघातांची आहे. मुले डिस्टॉर्शनचे बटण शेवटापर्यंत फिरवितात, तेही अनाठायी. मूळ मुद्रणांत लेनी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पुष्कळ मोकळा आहे आणि प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो.

आयोमी पहिल्यापासूनच गिटार उतरवून लावीत, ही समजूत चुकीची. ही दोन्ही गाणी नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये मुद्रित झाली आहेत. तीन अर्धस्वर खाली, सी शार्पपर्यंत, तारा उतरल्या त्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’वर. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ किंवा ‘इंटू द व्हॉइड’ वाजवू पाहणाऱ्याला सैल तारेचा जाच लगेच कळतो: जरा जोर झाला की स्वर चढतो. येथे हलका हातच कामाचा.

आणि मग ‘प्लॅनेट कॅरॅव्हॅन’. पाठ्यक्रमात हे गाणे बहुधा कोणी घालीत नाही, कारण त्यात मिरविण्याजोगी रिफ नाही. परंतु त्याच्या अखेरीस डिस्टॉर्शनवाचून, संथपणे चाललेल्या त्या एकल वादनात जँगोची तालीम जितकी उघड दिसते तितकी अन्यत्र क्वचितच, आणि त्या दोन रिफ पक्क्या झालेल्या विद्यार्थ्याला मी पुढचे काम म्हणून हेच देईन.