खोली, कान आणि ध्वनिक्षेपक

कोलकात्याच्या विस्तीर्ण मैदानाच्या कडेला, हुगळीच्या काठी, फोर्ट विल्यमचा अष्टकोनी किल्ला उभा आहे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली ज्या शहराभोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणावयास घेतला गेला, त्याच शहरात पलाशीच्या लढाईनंतर, १७५८ पासून, इंग्रजांनी हा नवा किल्ला बांधावयास आरंभ केला. आज तेथे भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे. आणि २०२५ मध्ये जाहीर झालेले त्याचे ‘विजय दुर्ग’ हे नवे नाव कोकण किनाऱ्यावरील विजयदुर्गावरून घेतलेले आहे. ज्यांच्या भयाने खंदक खणला, त्यांच्याच किल्ल्याचे नाव शेवटी त्या तटबंदीला लाभावे, हा काळाचा एक मौजेचा न्याय म्हणावयाचा!

अशा जुन्या लष्करी वस्तीत पुण्याहून बदलून आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. राहावयास मिळालेली बैठकीची खोली ऐसपैस आहे. भिंती जाड विटांच्या, छत उंच, जमीन टणक फरशीची. पुण्याच्या सदनिकेत गोड वाजणारे दोन ध्वनिक्षेपक, म्हणजे आपण सर्रास ज्यांना स्पीकर म्हणतो ते, येथे मांडले जातात. आणि काय आश्चर्य! ख्याल गायनातला सूर घुमतो, पण तानेतले दाणे एकमेकांत मिसळतात. चित्रपट लावला, तर पार्श्वसंगीत खोली भरून टाकते आणि संवाद मात्र कळत नाहीत. घरातल्या आजी दोनदा विचारतात, “काय म्हणाला तो?” आणि तिसऱ्या खेपेस न विचारताच उठून आत जातात. यंत्र तेच, तारा त्याच, कानही तेच. बदलली ती खोली. नवे ध्वनिक्षेपक घेण्याचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. ध्वनिक्षेपकातून निघालेला आवाज श्रोत्याकडे सरळ येतो, तसाच तो भिंती, छत आणि जमीन यांवर आदळून पुन्हापुन्हा परततो. या परतणाऱ्या आवाजाचा हिशेब प्रथम अमेरिकन शास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन याने मांडला. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द समजेनासे झाले, तेव्हा १८९५ पासून त्याने रात्री-अपरात्री गाद्या-उशा आणून मांडल्या आणि घुमारा किती सेकंदांत विरतो ते मोजले. त्याचा निष्कर्ष साधा आहे: खोलीचे घनफळ जितके मोठे आणि आवाज शोषणारे पदार्थ जितके कमी, तितका घुमारा लांबतो.

किल्ल्यातील त्या कल्पित खोलीला हा हिशेब लावून पाहू. लांबी ५ मीटर, रुंदी ४ आणि उंची साडेचार मीटर धरली, तर घनफळ ९० घनमीटर होते आणि सर्व पृष्ठांचे क्षेत्रफळ १२१ चौरस मीटर. उघड्या भिंती-फरशी आवाजाचा जेमतेम विसावा भाग शोषतात असे मानले, तर घुमारा विरावयास सुमारे २.४ सेकंद लागतात. देवळाच्या गाभाऱ्यात हे शोभेल. संवाद ऐकण्यास ते घातक आहे. कारण पहिले अक्षर विरण्यापूर्वीच पुढची सात-आठ अक्षरे त्यावर येऊन कोसळतात. आता याच खोलीत जाड सतरंजी, भरगच्च पडदे, गादीच्या खुर्च्या आणि पुस्तकांची उघडी मांडणी आली, आणि शोषण तिपटीहून थोडे अधिक झाले, तर घुमारा पाऊण सेकंदाच्या आत येतो. ध्वनिक्षेपकावर एक रुपयाही न खर्चता आजींचा अर्धा प्रश्न सुटला!

बोलण्याला आणि गाण्याला एकच घुमारा मानवत नाही, हे नभोवाणीचे अभियंते पहिल्यापासून जाणून आहेत. फोर्ट विल्यमच्या उत्तरेस, ईडन गार्डनलगत, कोलकात्याचे आकाशवाणी भवन १९५८ पासून उभे आहे. अशा केंद्रांत भाषणाचा कक्ष वेगळा आणि संगीताचा वेगळा असतो. पहिला अधिक मुका, दुसरा थोडा सजीव. घरात मात्र एकाच खोलीला दोन्ही कामे करावी लागतात. म्हणून तेथे मध्यम मार्ग बरा: अर्धा सेकंद किंवा त्याच्या थोडे इकडे-तिकडे.

पडदे आणि सतरंज्या उंच स्वर शोषतात. खर्जापुढे मात्र त्यांचे फारसे चालत नाही. खर्जाच्या लहरी खोलीच्या मापाच्याच असतात आणि दोन समोरासमोरच्या भिंतींत त्या अडकून राहतात. ५ मीटर लांबीत सेकंदाला सुमारे ३४ कंपनांचा स्वर असा अडकतो, साडेचार मीटर उंचीत ३८ चा आणि ४ मीटर रुंदीत ४३ चा. त्यामुळे एका खुर्चीवर डग्गा गडगडतो, तर दोन पावलांवर तो हरवतो. ज्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, ती या दृष्टीने सर्वांत वाईट. तीनही बाजू ३ मीटरच्या असतील, तर तिन्हींचा दोष ५७ कंपनांच्या एकाच स्वरावर येऊन साठतो. सरळ भिंतींची ही कथा, तर वक्र भिंतींची आणखी निराळी. कोलकात्यात संशोधन करीत असताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कुजबुज-गॅलऱ्यांचा अभ्यास केला होता. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वास्तू स्वतःच कशी बोलू लागते ते निराळे सांगावयास नको.

खोलीची ओळख झाल्यावर ध्वनिक्षेपकाकडे वळावे. आज घरोघरी दिसणाऱ्या ध्वनिक्षेपकाचे रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ च्या सुमारास सिद्ध केले. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे एक वेटोळे असते. त्यातून आवाजाबरहुकूम वीज वाहिली की ते पुढे-मागे हलते आणि त्याला जोडलेला शंकू हवा ढकलतो. खर्जासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते, म्हणून शंकू मोठा हवा. उंच स्वरांसाठी चपळता हवी, म्हणून तो लहान हवा. एकाच शंकूला हे दोन्ही साधत नाही. यास्तव चांगल्या पेटीत दोन किंवा तीन शंकू असून त्यांत कामाची वाटणी केलेली असते.

खरेदीच्या वेळी ग्राहक बहुधा वॅटचा आकडा विचारतो. त्याहून महत्त्वाचा आकडा संवेदनक्षमतेचा. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबेल आवाज मिळतो, ते त्यावरून कळते. समजा, हा आकडा ८६ आहे. तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत दोन ध्वनिक्षेपकांचा मिळून सुमारे ८० डेसिबेल आवाज अवघ्या एकेक वॅटमध्ये पोचतो, आणि घरातील भरदार श्रवणास तेवढा पुरतो. तबल्याची थाप किंवा चित्रपटातील स्फोट यांसाठी क्षणभर १५ डेसिबेल अधिक लागले, तर शक्ती सुमारे ३२ वॅट हवी. तोच आकडा ८९ असता, तर निम्म्या शक्तीत काम भागले असते. तेव्हा शेकडो वॅटच्या जाहिरातीला भुलण्याचे कारण नाही.

संगीताला मुख्यतः दोन सारखे ध्वनिक्षेपक पुरेत. ते आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे गायक दोहोंच्या मधोमध बसल्याचा भास होतो. पण हा भास मधल्या आसनावरच्या श्रोत्यापुरताच असतो. कडेच्या आरामखुर्चीत बसलेल्या आजींना जवळचाच ध्वनिक्षेपक ऐकू येतो. चित्रपटांत संवाद प्रामुख्याने मधल्या मार्गावर ध्वनित केलेले असतात. म्हणून पडद्याखाली तिसरा, मधला ध्वनिक्षेपक ठेवला, तर शब्द सर्वांनाच पडद्यातून आल्यासारखे वाटतात. मागचे दोन त्यानंतर, पैसा आणि जागा उरल्यास घ्यावे. हा मधला ध्वनिक्षेपक बाजूच्या दोहोंच्याच जातकुळीचा असावा; नाहीतर पात्र चालत चालत आपला आवाज बदलते की काय, असे वाटावयास लागते.

वय वाढले की कानांची उंच स्वर टिपण्याची शक्ती प्रथम कमी होते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. ‘अ’, ‘आ’, ‘ओ’ या स्वरांत आवाजाचे बळ असते. परंतु ‘स’, ‘त’, ‘फ’, ‘ट’ या व्यंजनांचा क्षीण, उंच सळसळाट शब्दाला अर्थ देतो. नुसता आवाज वाढविला, तर स्वर, घुमारा आणि पार्श्वसंगीत हे सगळेच वाढतात. व्यंजने मागेच राहतात. म्हणून वृद्धांसाठी आवाज मोठा करण्याऐवजी खुर्ची ध्वनिक्षेपकाजवळ आणावी, खोलीतला घुमारा आवरावा आणि मधल्या ध्वनिक्षेपकाला इतरांपेक्षा थोडे झुकते माप द्यावे.

अतिखर्जाची स्वतंत्र पेटी, म्हणजे सबवूफर, चित्रपटाला भारदस्तपणा आणते. सुमारे ८० कंपनांखालचा आवाज कोठून येतो हे कानाला सहसा उमगत नाही, त्यामुळे ती कोठेही ठेवता येते. परंतु कोठेही ठेवली तरी सारखीच वाजत नाही. यावर एक उलटी युक्ती आहे. पेटी श्रोत्याच्या आसनावर ठेवावी, खर्जाचे संगीत लावावे आणि आपण भिंतीकडेने वाकून ऐकत फिरावे. जेथे खर्ज गडगडत नाही आणि हरवतही नाही, तेथे पेटीची जागा. कोपरा टाळावा, तेथे खर्ज फुगतो. शेजाऱ्यांची झोपही ध्यानात ठेवावी, कारण भिंत ओलांडून जातो तो प्रामुख्याने खर्जच.

दुकानातली परीक्षा ओळखीच्या आवाजावर घ्यावी. तंबोऱ्याच्या जोडीत सुरांची वलये वेगळी कळतात का? तबल्याच्या चाटेवरील बोल स्वच्छ आणि डग्ग्याची मींड सलग आहे का? तबल्यासारख्या वाद्यांत मधल्या शाईमुळे सुरेल उपस्वर कसे निर्माण होतात, ते रामन यांनी कोलकात्यातूनच १९२० साली जगापुढे मांडले होते. त्यामुळे तबला हा चांगला परीक्षक होय. शेवटी बातम्या ऐकाव्यात. निवेदकाचा आवाज हंड्यातून आल्यासारखा वाटला, तर ती पेटी तेथेच ठेवून यावे. आणि जुन्या मुद्रिकांकडून अवास्तव अपेक्षा करू नये. नोव्हेंबर १९०२ मध्ये याच कोलकात्यात गौहर जान कर्ण्यासमोर गाईल्या, तेव्हाच्या यंत्राला उंच स्वर टिपताच येत नसत. जे कधी उमटलेच नाही, ते महागडा ध्वनिक्षेपकही परत आणू शकत नाही.

बदलीच्या नोकरीत दोन-तीन वर्षांनी खोली पुन्हा बदलणार. तेव्हा फार अवजड पेट्यांपेक्षा मध्यम आकाराचे, चांगल्या संवेदनक्षमतेचे तीन ध्वनिक्षेपक आणि वेगळी खर्जपेटी ही जुळणी शहाणपणाची; नव्या घरात तिची मांडणी नव्याने करता येते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते, कारण अंथरूण म्हणजे येथे खरोखरच सतरंजी आणि पडदे! निवड साधली की नाही याची परीक्षा कोणत्याही मापकयंत्रावाचून होते. रात्री चित्रपट सुरू व्हावा, आजी आपल्या खुर्चीत असाव्यात, आणि विनोदाच्या वाक्याला त्यांचे हसू घरातल्या इतरांच्या बरोबरच उमटावे.