गौरव मराठीचा, व्याख्यान मात्र इंग्रजीत!

सीमाभागातील मराठीचा प्रश्न म्हटला की पाट्या, परिपत्रके आणि न्यायालयीन खटले आठवतात. विद्यापीठांच्या आवारात तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. तिकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

विद्यापीठांतील मराठी प्राध्यापक व कर्मचारी गणेशोत्सव, हळदीकुंकू, कोजागिरी हौसेने साजरी करतात. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन होतो. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील शोधाची ती आठवण. त्या दिवशीची संशोधनपर व्याख्याने मात्र बहुधा इंग्रजीत होतात. आदल्या दिवशी जिला ओवाळले, तिलाच दुसऱ्या दिवशी सभागृहाबाहेर बसवायचे, हा कुठला न्याय?

मराठीला शास्त्र पेलत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हेच काम करीत आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर २०२५ मध्ये निवर्तले. जागतिक कीर्तीचा हा संशोधक कृष्णविवरासारखा विषय सोप्या मराठीत सांगत असे. शाळकरी मुलांसाठी शनिवारी होणारी तेथील व्याख्याने मराठीतूनही होत आली आहेत.

“गुरुजी, मराठीत शिकून पुढे काय?” असे पालक आम्हाला विचारतात. भाषाप्रेमाची भाषणे हे त्याचे उत्तर नव्हे. आपल्याच गावचा संशोधक आपल्या भाषेत ऊस, माती किंवा पाण्यावरचे संशोधन सांगताना मुलांनी ऐकला, म्हणजे उत्तर आपोआप मिळते. मराठीत केवळ गाणी आणि ज्ञान दुसरीकडे, असे चित्र राहिले तर मराठी शाळांचे वर्ग रिकामे होणारच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सणसमारंभ करणाऱ्या मराठी मंडळींनी महिन्यातला एक शनिवार संशोधनाला द्यावा. पारिभाषिक शब्द इंग्रजी असले तरी चालतील. वाक्य मराठी असावे. कन्नड व कोकणी सहकाऱ्यांनीही आपापल्या भाषेत असा उपक्रम करावा, त्याचे आम्ही स्वागतच करू. मुले आणण्याची जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. तो कागदावर शोभतोच. प्रयोगशाळेच्या दारातही दिसावा, एवढीच अपेक्षा.