टी-शर्टचं दुसरं सत्र

दिवाळीची सुट्टी संपून शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं, तोवर जूनमध्ये घेतलेल्या पीटीच्या टी-शर्टची रया गेलेली असते. छातीवरचा रबरी छाप तडकलेला, पोटाजवळ वरणाचा नाहीतर शाईचा डाग. कापड मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतं. ना शिवण उसवलेली, ना वीण विरलेली. बिघडलेलं असतं ते दर्शनी रूप, आणि ते घरच्या टेबलावर स्क्रीन प्रिंटिंगने सुधारता येतं.

ही खटपट करण्याजोगी आहे. ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेने २०१२ साली मांडलेल्या हिशेबानुसार, कपडा आणखी नऊ महिने वापरात राहिला तर त्यामागचा कार्बन, पाणी आणि कचरा यांचा भार प्रत्येकी सुमारे २० ते ३० टक्क्यांनी घटतो. नऊ महिने म्हणजे जवळजवळ एक शालेय वर्षच.

या छपाईचं मूळ कोरीव साच्यात आहे. जपानी कारागीर पर्सिमॉन फळाच्या रसाने टणक केलेला कागद कोरून कापडावर नक्षी उतरवत. पण कोरलेल्या भागाच्या मधोमध राहिलेला सुटा तुकडा गळून पडे. त्याला धरून ठेवण्यासाठी ते साच्यावर रेशमाचे बारीक धागे बसवत. पुढे धाग्यांची सबंध जाळीच आली. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सुटा तुकडा गळण्याची ती अडचण देवनागरीतही येते. नुसत्या पुठ्ठ्यात ‘ठ’ किंवा ‘व’ कोरला की अक्षराचं पोट निखळतं; जाळीवर ते जागच्या जागी राहतं. शिवाय ठशासारखं अक्षर उलटं कोरावं लागत नाही. नाव जसं लिहिलं तसंच छापलं जातं, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही स्वतःच्या हस्ताक्षराचा साचा करता येतो.

घरात असं काम रुजू शकतं हे जपाननेच दाखवलं. तिथल्या रिसो कंपनीने १९७७ साली ‘प्रिंट गोक्को’ नावाचं टेबलावर मावणारं छपाईयंत्र आणलं आणि घरोघरी नववर्षाची शुभेच्छापत्रं त्यावर छापली जाऊ लागली.

आपल्याकडे यंत्राचीही गरज नाही. भरतकामाच्या मोठ्या रिंगमध्ये पॉलिएस्टर ऑर्गंडी ताणून बसवली की कामचलाऊ स्क्रीन तयार. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून लाकडी फ्रेम करून घेतली तर अधिक चांगलं. फक्त कापडासाठी जाळी जरा मोकळी मागावी, इंचाला साधारण ११० धाग्यांची. व्यावसायिक जाळीवर फोटो इमल्शन लावून साचा उमटवतात. त्यासाठी काही ठिकाणी अजूनही पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. हे रसायन विषारी आणि कर्करोगकारक आहे. मुलांच्या घरात ते येताच कामा नये. त्यापेक्षा सोपी वाट नंबरप्लेटवाल्याच्या दुकानातून जाते. गाड्यांवरची अक्षरं कापणारा हा ‘रेडियमवाला’ हवी ती आकृती चिकट विनाइलमध्ये कापून देतो. ती जाळीच्या खालच्या बाजूला चिकटवली की साचा झाला.

टी-शर्ट आधी धुवून घ्यावा. नवा असेल तर त्यातली खळ निघून जाते. आत सपाट पुठ्ठा सरकवावा, नाहीतर पुढचं चित्र पाठीवरही उमटतं. स्क्रीन कापडापासून नाण्याच्या जाडीइतकी उचललेली असावी. वरच्या कडेला रंगाची जाड रेघ ओतून स्क्वीजी, म्हणजे रंग ओढायची रबरी पट्टी, तिरकी धरायची आणि एका दाबाने खाली ओढायची. हात मध्येच थांबला की रंग साचतो. स्क्रीन लगेच पाण्याखाली धरायची, कारण जाळीत वाळलेला रंग निघत नाही.

रंग निवडताना मात्र तडजोड नको. बाजारातल्या बहुतेक चकचकीत रबरी छापांसाठी प्लॅस्टिसोल, म्हणजे पीव्हीसीचा रंग वापरतात. तो पक्का व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअसची उष्णता लागते आणि थेट इस्त्री फिरली तर तो वितळतो. घरासाठी पाण्यात मिसळणारा, बाइंडर घातलेला पिगमेंट रंगच योग्य. छाप पूर्ण वाळल्यावर वर सुती फडकं टाकून, वाफ बंद ठेवून, तीन ते पाच मिनिटं गरम इस्त्री फिरवावी. पहिली धुलाई दोन-तीन दिवसांनी आणि कपडा उलटा करून.

सुती कापड हा रंग आनंदाने धरतं. टेरीकॉट आणि पॉलिएस्टर कुरकुर करतात. लाल पॉलिएस्टरवर छापलेलं पांढरं चिन्ह इस्त्रीखाली गुलाबी होऊ शकतं, कारण उष्णतेने कापडाचाच रंग वर सरकतो. अशा वेळी सुती तुकड्यावर छापून तो ठिगळासारखा शिवणं उत्तम. डागाचंही तसंच. हळदीचा डाग उन्हात फिकटतो, शाईचा राहतो. त्यावर गडद पान, मासा किंवा पतंग छापला की तो नजरेआड जातो.

शाळेचा बिल्ला परस्पर छापू नये, वर्गशिक्षिकेला विचारावं. हाउसचे लाल, निळे, पिवळे, हिरवे टी-शर्ट, डब्याची पिशवी, चित्रकलेच्या तासाचा एप्रन यांवर मात्र मोकळीक असते. खरा फायदा होतो तो एकाच साच्यातून अनेक छाप काढण्यात. एका इमारतीतली चार मुलं एकाच हाउसमध्ये असली तर साचा एक, रंगाची बाटली एक आणि काम एका दुपारचं. धाकट्याकडे आलेल्या थोरल्याच्या टी-शर्टवरही त्याच दुपारी नवं नाव चढतं. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात नाचाच्या कपड्यांवर सूर्य किंवा मोर हवा असेल, तर जुनं विनाइल सोलून तीच फ्रेम पुन्हा वापरता येते.