चूक केव्हा कळते?

संकेतस्थळासाठी संगणकाची कोणती भाषा चांगली, असे विद्यार्थी विचारतात. याचे उत्तर कामाच्या आकारावर अवलंबून असते.

जावा आणि पीएचपी या दोन्ही भाषा १९९५ साली लोकांसमोर आल्या. जावामध्ये कोणत्या नावाखाली संख्या राहील आणि कोणत्या नावाखाली शब्द, हे आधी सांगावे लागते. संख्येच्या जागी शब्द लिहिला, तर प्रोग्राम चालण्यापूर्वीच चूक कळते. पीएचपीत हे बंधन नव्हते. त्यामुळे छोटी संकेतस्थळे झटपट तयार होत. पण 'आंबा' या शब्दाची शून्याशी साधी तुलना केली, तर पीएचपी शब्दाची संख्या करू पाही. अंक न सापडल्याने शून्य धरी आणि दोन्ही समान ठरवी! शंभर ओळींत अशी चूक आपण शोधू. अनेकांनी लिहिलेल्या लाखो ओळींत ती लपून बसते.

फेसबुक २००४ साली पीएचपीत सुरू झाले. अशा चुका आधीच कळाव्यात म्हणून त्यांनी २०१४ मध्ये 'हॅक' ही भाषा आणली. पीएचपीनेही २०२० साली आठव्या आवृत्तीत ही तुलना सुधारली. मात्र जुन्या नियमावर विसंबलेले प्रोग्राम त्यामुळे वेगळे उत्तर देऊ लागले.

म्हणून मोठ्या कामासाठी भाषा निवडताना आपण दोन गोष्टी पाहू: ती चूक केव्हा दाखवते आणि स्वतः बदलताना जुने प्रोग्राम किती सांभाळते.