डबकं नको, बांबू हवा!

बेडूक म्हटलं की डबकं आलं, डबक्यात बेडूकमासे आले आणि रात्रभराची डरांव डरांव आली. पण पश्चिम घाटातल्या झुडपी बेडकांनी डबक्याला कधीचाच रामराम ठोकलाय. त्यांच्यातला एक तर चक्क बांबूच्या पेरात संसार थाटतो. शास्त्रज्ञांच्या वहीत त्याचं नाव राओर्केस्टिस चालाझोडिस. जीभ अडखळते, म्हणून इथे आपण त्याला नुसतं चालाझोडिस म्हणू. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी नोंद झालेल्या या पठ्ठ्याची आणि त्याच्या गोतावळ्याची ही खबरबात.

१. तब्बल १३६ वर्षं बेपत्ता

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट गुंथर यांनी १८७६ मध्ये त्रावणकोरहून आलेल्या नमुन्यावरून या बेडकाची जगाला ओळख करून दिली. पुढे साहेब गेले, संस्थानं गेली, तरी बेडूक काही कुणाला दिसेना. अखेर दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सत्यभामा दास बीजू यांच्या पुढाकाराने नोव्हेंबर २०१० मध्ये हरवलेल्या बेडकांची देशव्यापी शोधमोहीम जाहीर झाली आणि २०११ च्या सुरुवातीला बातमी आली: सापडला! शेवटच्या नोंदीनंतर १३६ वर्षांनी. अंग झगझगीत हिरवं, मांड्या राखी-निळ्या, काळ्या डोळ्यांत सोनेरी डाग. आकार मात्र एवढा, की दहा रुपयांच्या नाण्यावर आरामात बसेल. इतका नटवा गडी एवढी वर्षं लपला कुठे होता?

२. घराला दार फक्त काही मिलिमीटरचं

उत्तर बांबूत होतं. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर, अगस्त्यमलै डोंगररांगेत एक सडपातळ बांबू दाटीने वाढतो. केरळात त्याला ‘ईट्टा’ म्हणतात. पेरं लांब, भिंत पातळ, आत पोकळ. तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडणथुराई व्याघ्र प्रकल्पात के. एस. शेषाद्री, के. व्ही. गुरुराज आणि डेव्हिड बिकफर्ड यांनी या बेडकाचा माग काढला आणि २०१५ मध्ये जगासमोर मांडलं, की हा प्राणी उभ्या, जिवंत बांबूच्या पोटात अंडी घालतो. बेडकांच्या दुनियेत ही तऱ्हा तोवर कुणी नोंदवलेली नव्हती.

आत जायचं कसं? पेराला कुठेतरी एक अरुंद चीर असते, जेमतेम काही मिलिमीटरची. ती पाडणं बेडकाच्या आवाक्यातलं काम नाही. किड्यांनी नाहीतर उंदरांनी पोखरलेलं आयतं भोक त्याला शोधावं लागतं. मग आधी तोंड आत, पाठोपाठ खांदे आवळून, अंग चपटं करत, एकेक पाय ओढून घेत स्वारी आत घुसते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त हिरवा बांबू. नर आतूनच साद घालतो. मादी त्याच चिरेतून आत येते, अंडी घालते आणि निघून जाते. अंडी किती? पाच ते आठ. डबक्यातला आपला ओळखीचा मोठा बेडूक एका खेपेला हजारोंनी अंडी घालतो, हे लक्षात घेतलं तर हे अगदीच ‘हम दो हमारे दो’ प्रकरण.

३. आई निघून जाते, बाबा घर सांभाळतात

इथे पोरांचं सगळं बाबांकडे. पिल्लं बाहेर पडेपर्यंत नर अंड्यांपाशी ठाण मांडून बसतो. संध्याकाळनंतर थोडा वेळ पोटापाण्यासाठी बाहेर पडायचं, की पुन्हा चिरेतून आत. काही आठवडे हाच दिनक्रम.

४. राखण कुणापासून? शेजाऱ्यांपासूनच!

साप, मुंग्या, कोळी यांच्यापासून असेल, असं वाटतं ना? शेषाद्री आणि बिकफर्ड यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पेरांतले बाप बाजूला काढून पाहिले. बापाविना राहिलेल्या अंड्यांवर ताव मारला तो याच जातीच्या दुसऱ्या नरांनी. म्हणजे शेजारच्या पेरातला सभ्य गृहस्थ संधी मिळताच पोरं गिळतो. यात त्याचा डाव दुहेरी असावा: पोट भरतं आणि चीर असलेली तयार खोलीही ताब्यात येते. कारण बांबू उदंड असला, तरी नेमकी चीर पडलेली पेरं मोजकीच. जागेची टंचाई फक्त मुंबईतच असते असं नाही.

५. बेडूकमासा रद्द

शाळेच्या पुस्तकातली बेडकाच्या जीवनचक्राची आकृती आठवा: अंडं, मग शेपटीवाला बेडूकमासा, मग पाय, मग बेडूक. झुडपी बेडकांनी मधली पायरी अंड्याच्या आतच उरकून टाकली आहे. शेपूट अंड्यात फुटते, अंड्यातच जिरते आणि बाहेर पडतं ते थेट चार पायांचं इवलं बेडूक. लागणारी सगळी शिदोरी अंड्यातल्या बलकात बांधून दिलेली असते. म्हणून तर अंडी कमी आणि प्रत्येक अंडं मोलाचं.

६. डबक्यातून सुटला, जंगलात अडकला

आता खरी गोम. डबकं नको म्हणजे पाणी नको असं नव्हे. बेडकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखं कवच नसतं. ते सुकलं की संपलं. डबक्याचं पाणी सोडल्यावर या मंडळींनी सगळी भिस्त ठेवली हवेतल्या ओलीवर: पानाखालची सावली, शेवाळलेली साल, धुकं, पालापाचोळ्याचा दमट थर, बांबूची बंद खोली. ही ओल टिकवून धरतं ते घनदाट जंगल. डोक्यावरचं छप्पर विरळ झालं, ऊन-वारा थेट खाली पोचला, की जवळून ओढा वाहत असला तरी अंडी वाळतात. डबकं आटलं तर टँकरने भरता येईल. पानाखालची ओल टँकरने येत नाही. झुडपी बेडकांच्या इतक्या जाती संकटात का, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

७. संपादकसाहेबांच्या नावाने

राओर्केस्टिस या कुळाच्या नावातले ‘राव’ म्हणजे बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातले प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव. भारतीय बेडकांवर पायाभूत काम केलेले आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे पहिले संपादक. गंमत म्हणजे त्यांच्या नावाचं हे कुळ २०१० मध्ये ज्या शोधनिबंधातून जाहीर झालं, तो छापून आला ‘करंट सायन्स’मध्येच. लेखकांमध्ये बीजू यांच्याबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातले योगेश शौचेही होते.

८. उडी न मारणारा बेडूक

त्याच निबंधात आणखी एक नवा गडी अवतरला: राओर्केस्टिस रिस्प्लेंडन्स. पत्ता केरळातलं आनैमुडी, उंची २,६९५ मीटर, पश्चिम घाटातलं सर्वांत उंच शिखर. रंग तांबूस-नारिंगी, अंगावर ठळक फुगीर ग्रंथी आणि पाय इतके आखूड, की बेडूक असून हा उड्या मारण्याऐवजी रांगतो. घर कुठे? तिथल्या बुटक्या बांबूच्या बुंध्याशी, जमिनीलगत. हाही अतिसंकटग्रस्त. डोंगर तापत चालला तर प्राणी वर सरकतात म्हणे. हा आधीच माथ्यावर राहतो. याने सरकायचं कुठे?

९. टप, टप, टप…

वायनाडच्या जंगलात रात्री वरून पाण्याचे थेंब पडल्यासारखा आवाज येतो. नळ गळत नाहीये, तो राओर्केस्टिस नेरोस्टागोना आहे. उंच झाडांच्या शेंड्याकडे राहणारा हा बेडूक २००५ मध्ये शास्त्राला ठाऊक झाला. गाताना झुडपी बेडकांच्या नराचा गळा फुग्यासारखा फुगतो आणि त्याची कातडी इतकी पातळ ताणली जाते, की विजेरीच्या उजेडात आरपार दिसावं.

१०. आंबोलीकराचं मूळ गाव श्रीलंका

आता आपल्या अंगणात. सिंधुदुर्गातलं आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर आणि पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात. इथल्या एका झुडपी बेडकाला २००९ मध्ये बीजू आणि ब्रुसेल्सचे फ्रँकी बोस्युत यांनी गावाचंच नाव दिलं. आज तो स्यूडोफिलॉटस आंबोली म्हणून ओळखला जातो. कर्नाटकातल्या काही मोजक्या ठिकाणीही तो आढळतो. लाल यादीत त्याच्या नावापुढेही ‘अतिसंकटग्रस्त’ असा शेरा पडला.

पण त्याची कुंडली वेगळीच निघाली. त्याच्या कुळातल्या बहुतेक साऱ्या जाती श्रीलंकेत आहेत. भारतात फक्त तीन. डीएनएचा हिशेब सांगतो, की सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी या कुळाचे पूर्वज भारतातून लंकेत गेले, तिथे त्यांचा वंश फोफावला आणि सुमारे ९० लाख वर्षांपूर्वी एक शाखा उलट पावली माघारी आली. समुद्राची पातळी खाली गेली की मधली जमीन उघडी पडायची, तेवढ्या वाटेवर भागलं. आंबोलीच्या झुडपात टिकटिकणारा हा गडी त्या परतलेल्यांचा वंशज.

शेजारी आणखी एक नाव ऐकून ठेवा. महाराष्ट्राच्या घाटांतून २०१३ मध्ये नोंदवलेला राओर्केस्टिस घाटेई. पुण्याच्या मॉडर्न कॉलेजातले प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचा हा सन्मान.

११. चहाच्या पुड्यावरून बेडकाचं नाव

श्रीलंकेत जेम्स टेलर यांनी १८६७ मध्ये लूलकंदुरा इथे चहाचा पहिला व्यापारी मळा लावला. आधी कॉफीने, मग चहाने डोंगरउतारांवरची ओली जंगलं साफ केली. त्याच लूलकंदुरात उरलेल्या जंगलाच्या तुकड्यात २०१५ मध्ये एक नवा झुडपी बेडूक मिळाला आणि त्याचं नाव ठेवलं गेलं स्यूडोफिलॉटस दिलमाह. हो, तोच चहाचा ब्रँड!

हसू येतं, पण पुढचं ऐका. लंकेतल्या झुडपी बेडकांच्या डझनाहून जास्त जाती आज फक्त संग्रहालयांच्या बरण्यांत उरल्या आहेत. जगभरात नामशेष म्हणून नोंदल्या गेलेल्या उभयचरांमध्ये या एका बेटाचा वाटा फार मोठा आहे. जंगल कापून संपल्यावर काय होतं, हे जिथून आपला आंबोलीकर आला त्या बेटावर आधीच घडून गेलंय.

१२. टोपली, कागद आणि वेळ

चालाझोडिसच्या बांबूला गिऱ्हाईकं पुष्कळ: चटया, टोपल्या, कागदाचा लगदा. विणकामावर अनेक घरांच्या चुली पेटतात, तेव्हा ‘तोड बंद’ म्हणून प्रश्न सुटत नाही. प्रश्न आहे कधी तोडायचं आणि किती ठेवायचं. अंडी पेरात असतील त्या दिवसांत कोयता लागला, तर बाप, पोरं आणि घर एकाच घावात जातात. बांबू पुन्हा फुटतो. पण नव्या कोऱ्या पेराला चीर नसते. ती पडायला कुणालातरी पोखरावं लागतं, आणि तोवर जुनी पेरं उभी असावी लागतात. म्हणून बांबूच्या प्रत्येक बेटात थोडा जुना बांबू सोडणं, एवढी साधी गोष्टही मोठं काम करू शकते.

१३. शंभरात एक्केचाळीस

२०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या साधारण ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पक्षी, सस्तन प्राणी, सरपटणारे प्राणी यांच्यापेक्षा हे प्रमाण जास्त. पोस्टरवर मात्र वाघच असतो!

१४. आंबोलीला निघालात?

पावसाळी रात्री बेडूक बघायचे असतील तर चार पथ्यं पाळा. बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो, त्यामुळे डासांचं मलम चोळलेल्या हातांनी त्याला उचलू नका. खरं तर उचलूच नका. विजेरी थेट डोळ्यांवर रोखू नका. एका जंगलातला चिखल लागलेले बूट धुऊन-वाळवूनच दुसऱ्या जंगलात घाला, बेडकांच्या कातडीचा बुरशीजन्य रोग असाच प्रवास करतो. आणि घाटातून गाडी हळू चालवा: पहिल्या सरींनंतर रस्ता ओलांडणाऱ्यांत धबधब्यावर नाचणारे पर्यटक कमी, बेडूक जास्त असतात. हॉर्न वाजवून ते बाजूला होत नाहीत, ब्रेकच लावावा लागतो.